चिमूटभर दालचिनी: बाळाच्या खाऊतले शिसे कुणाला सापडले

अमेरिकेत मूल वर्षाचे झाले, आणि पुन्हा दोन वर्षांचे झाले, की बरेच बालरोगतज्ज्ञ लसीच्या खेपेतच एक छोटी तपासणी उरकून घेतात. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचे आणि त्यातले शिसे मोजायचे. सरकारी मेडिकेड योजनेतल्या मुलांना तर ती सक्तीचीच. तिकडे नव्याने गेलेल्या मराठी आईबापांना याचे नवल वाटते. आपल्याकडे बाळाचे वजन बघतात, फार तर हिमोग्लोबिन बघतात. शिसे कोण बघायला जाते? तिकडे बघतात ते जुन्या घरांपायी. घरगुती रंगात शिसे वापरायला १९७८ साली बंदी आली, पण त्याआधी रंगवलेली घरे अजून उभी आहेत, आणि रांगते मूल खिडकीच्या चौकटीवरचा पोपडा तोंडात घालतेच.

२०२३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात चार लहान मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. तिथून सुरू झालेला शोध दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशापर्यंत आणि तिथून मागे श्रीलंकेतल्या दालचिनीपर्यंत पोहोचला. मार्च २०२४ पर्यंत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे ४४ राज्यांतून अशा ५१९ मुलांची नोंद झाली होती. बाळांच्या खाण्यातले दूषित घटक हा विषय निघाला की बहुधा प्रयोगशाळा आणि यंत्रांची चर्चा होते. इथे यंत्रे होती, पद्धती होत्या, त्या वापरणारी माणसेही होती. जी तपासणी कारखान्यात व्हायची ती तिथे झाली नाही. ती झाली मुलांच्या रक्तात.

घरझडती

मुलाच्या रक्तात शिसे जास्त निघाले की आरोग्य खात्याची माणसे घरी येतात. हातात क्ष-किरणांवर चालणारे, पिस्तुलासारखे दिसणारे यंत्र असते. भिंतीला टेकवले की रंगाच्या थरांत शिसे आहे की नाही हे काही सेकंदांत कळते. मग नळाचे पाणी, अंगणातली माती, खेळणी, वडिलांचे कामावरचे कपडे. बॅटरीच्या किंवा रंगकामाच्या धंद्यातली धूळ कपड्यांवरून घरात येते, म्हणून तेही बघायचे. घर भारतीय असेल तर काजळ, सुरमा, सिंदूर, बाळाला दिलेल्या घरगुती गोळ्या यांचीही चौकशी होते. यात गैर काही नाही. या सगळ्यांत शिसे सापडल्याचे दाखले आहेत.

नॉर्थ कॅरोलिनाच्या लोकांना ही चौकशी इतरांपेक्षा जरा जास्तच सवयीची होती, आणि माझ्या मते प्रकरण तिथेच उघडकीला येण्यामागे हेही एक कारण असावे. २०११ ते २०१८ या काळात त्यांनी शिसे वाढलेल्या मुलांच्या घरांतून मसाले, औषधी चूर्णे आणि पूजेच्या पुडी गोळा करून तपासल्या होत्या. त्यांतल्या चतुर्थांशाहून अधिक नमुन्यांत किलोमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले होते. म्हणजे ‘भिंतीत नाही ना, मग स्वयंपाकघरात बघू’ हा विचार तिथल्या खात्यात आधीच मुरलेला होता.

या वेळी भिंती आणि माती यांतून उत्तर मिळेना, तेव्हा प्रश्न मुलांच्या ताटाकडे वळला. चारही मुलांच्या खाण्यात एक वस्तू सारखी निघाली: ‘वनाबाना’ या नावाने विकला जाणारा सफरचंद-दालचिनीचा गर. तोटीची छोटी पिशवी, झाकण फिरवायचे आणि मुलाच्या तोंडात द्यायची. राज्याच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या लॉटच्या पिशव्या तपासल्या आणि सगळीकडे शिसे अतोनात निघाले. केंद्र सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे अमेरिकेच्या एफडीएने, ते आकडे पडताळून मान्य केले आणि २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पालकांना जाहीर इशारा दिला: ही पिशवी मुलाला देऊ नका, दिली असेल तर रक्त तपासून घ्या. कंपनीने माल परत बोलावला. ९ नोव्हेंबरला त्याच कारखान्यात तयार झालेल्या, ‘श्नक्स’ आणि ‘वाइस’ या दुकानसाखळ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दालचिनीयुक्त पिशव्यांचीही त्यात भर पडली.

२.१८ म्हणजे किती

एफडीएने ‘डॉलर ट्री’ या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून उचललेल्या पिशवीत २.१८ पीपीएम शिसे निघाले. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. आकडा किरकोळ वाटतो, म्हणून तो उलगडून बघू.

बाळांच्या फळांच्या गरासाठी एफडीएने जानेवारी २०२३ मध्ये जी मर्यादा मसुद्यात सुचवली होती ती १० पीपीबीची, म्हणजे किलोभर गरात १० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर सहा किलो गरात मिठाच्या एका कणाएवढे शिसे. तेवढ्यावरच सुचवलेली मर्यादा संपते. २.१८ पीपीएम म्हणजे किलोला २,१८० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या दोनशेपटीहून जास्त.

आता बाळाच्या बाजूने हिशेब मांडू. पिशवी ७० ग्रॅमची धरली तर एका पिशवीत जवळजवळ १५० मायक्रोग्रॅम शिसे होते. लहान मुलांच्या खाण्यातून दिवसभरात जास्तीत जास्त किती शिसे पोटात जावे, याची एफडीएची संदर्भपातळी २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका पिशवीत जवळजवळ सत्तर दिवसांचा कोटा. काही मुले दिवसाला दोन-तीन पिशव्या सहज संपवतात. गोड असते, आईला सोयीचे असते, कपडे खराब होत नाहीत. शिवाय मोठ्या माणसाच्या आतड्यात खाण्यातल्या शिशाचा दहावा हिस्सा शोषला जात असेल, तर लहान मुलाच्या आतड्यात निम्म्यापर्यंत शोषला जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते, आणि मूल रक्तक्षयाचे असेल, पोटात लोह कमी असेल, तर आणखीच फसते.

प्रयोगशाळेत काय होते

इथे जरा थांबतो, कारण ‘लॅबला पाठवले’ एवढ्या दोन शब्दांत जे काम दडलेले असते ते सहसा कुणी सांगत नाही.

पिशवीतला गर आधी पूर्ण एकजीव करावा लागतो. शिसे गरात साखरेसारखे विरघळलेले नसते. रंगाचे सूक्ष्म कण असतील तर एका चमच्यात चार आणि दुसऱ्यात एकही नाही असे होऊ शकते. मग त्यातला छोटासा नमुना, अर्धा ग्रॅम किंवा थोडा अधिक, टेफ्लॉनच्या जाड भांड्यात घेऊन त्यावर तीव्र नायट्रिक आम्ल ओततात, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात आणि भांडे घट्ट बंद करून खास मायक्रोवेव्ह भट्टीत तापवतात. उष्णता आणि दाब यांनी साखर, तंतू, रंग सगळे जळून जाते, उरते पाण्यासारखे निवळ द्रावण. त्यात धातू तेवढे शिल्लक असतात.

ते द्रावण ज्या यंत्रात जाते त्याला आयसीपी-एमएस म्हणतात. आत आर्गॉन वायूचा ज्वाळेसारखा प्लाझ्मा असतो, सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेला. त्यात द्रावणाचा फवारा गेला की रेणू फुटतात, अणूंवर विद्युतभार येतो, आणि पुढे ते वजनाप्रमाणे निवडून मोजले जातात. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ असे तीन प्रमुख समस्थानिक, म्हणजे एकाच धातूचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, एकत्र धरून मोजतात, कारण खाणीखाणीच्या शिशात यांचे प्रमाण वेगळे असते. एकच मोजला तर हिशेब चुकतो. अब्जांशातले आकडे हे यंत्र सहज देते. कठीण असते ते आपल्या हातून शिसे न मिसळू देणे. धूळ, हातमोजे, काचेची बाटली, साधे पाणी, कशातूनही दोन-चार पीपीबी येऊ शकतात. म्हणून दर खेपेला नमुन्याशिवायचे कोरे भांडेही त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात, एका भांड्यात माहितीचे शिसे मुद्दाम घालून ते परत तेवढेच निघते का बघतात, आणि प्रमाणित संदर्भ-नमुना सोबत चालवतात. हे केले नसेल तर यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हा नुसता आकडा असतो.

याची किंमत आपल्याला मुंबईत कळलेली आहे. २०१५ साली मॅगी नूडल्सवर शिशाच्या कारणाने देशभर बंदी आली, आणि १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. कंपनीला म्हणणे मांडायची संधी दिली नाही हा एक मुद्दा होता, पण दुसरा मुद्दा प्रयोगशाळांचा होता: ज्या प्रयोगशाळांच्या आकड्यांवर बंदी उभी होती त्यांना या तपासणीसाठी लागणारी मान्यता नव्हती. न्यायालयाने नमुने पुन्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून तपासायला लावले. त्या नूडल्समध्ये शिसे होते की नव्हते हा वाद मी इथे उकरत नाही. आकडा कुठे आणि कसा निघाला हे सांगता आले नाही तर खरा आकडाही कोर्टात टिकत नाही, एवढेच. नॉर्थ कॅरोलिनाच्या आकड्यांना एफडीएने आधी पडताळले आणि मगच देशभर इशारा दिला, त्यामागेही हेच भान होते.

चारास एक

पिशवीत शिसे आहे हे कळले. आले कुठून? सफरचंदातून आले असते तर नवल नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांवर लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारत असत, त्या जमिनींत अजून शिसे आहे. पण मातीतून फळात चढणारे शिसे काही पीपीबी भरते, दोन हजार नव्हे. त्याच कंपनीच्या, दालचिनी नसलेल्या पिशव्या तपासल्या तर त्यांत शिसे वाढलेले नव्हते. बोट आपोआप दालचिनीकडे गेले.

एफडीएचे निरीक्षक या पिशव्या भरणाऱ्या, इक्वेडोरमधल्या ‘ऑस्ट्रोफूड्स’च्या कारखान्यात गेले आणि तिथे ठेवलेल्या दालचिनीच्या पुडीचे नमुने त्यांनी आणले. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेले आकडे असे: एका नमुन्यात ५,११० पीपीएम शिसे, दुसऱ्यात २,२७०. सालीच्या मसाल्यांसाठी, अन्नाची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मंडळात त्या वेळी विचाराधीन असलेली मर्यादा होती २.५ पीपीएम. म्हणजे या दालचिनीत शिसे मर्यादेच्या हजार-दोन हजार पट होते.

एक सोपे गणित करून बघा. २,२७० पीपीएमच्या दालचिनीच्या एका ग्रॅममध्ये २.२७ मिलिग्रॅम शिसे. हा एक ग्रॅम, चिमूटभर, एक किलो स्वच्छ गरात घातला की गर २.२७ पीपीएमचा होतो. पिशवीत सापडलेल्या २.१८ ला तो जवळजवळ येऊन टेकतो. कारखान्याने नेमकी किती दालचिनी घातली असा याचा अर्थ नाही, पोत्यापोत्यात शिसे वेगळे असणार. पण किलोभर गर नासवायला किती पुरते ते यातून दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये एफडीएने दुसरा धातू जाहीर केला: क्रोमियम. त्याच दोन नमुन्यांत १,२०१ आणि ५३१ पीपीएम. क्रोमियम मोजणेही फळांच्या गरात जरा चकव्याचे असते. यंत्रातला आर्गॉन आणि नमुन्यातला कार्बन एकत्र येऊन नेमका क्रोमियमच्या वजनाचा, ५२ चा, तोतया तयार होतो. म्हणून वाटेत हीलियम वायूचा पडदा ठेवून तोतयाला अडवतात. असे करून आलेले आकडे शेजारी मांडले की गोष्ट उलगडते. ५,११० ला १,२०१ ने भागा: ४.२५. २,२७० ला ५३१ ने भागा: ४.२७. आता लेड क्रोमेट या रंगद्रव्याचा रेणू घ्या. त्यात शिशाचा एक अणू, क्रोमियमचा एक. त्यांच्या वजनांचे प्रमाण साधारण चारास एक.

माती, पाणी, यंत्राची झीज, वितळलेली जोडणी, यांतून आलेले शिसे सोबत एवढ्या मापात क्रोमियम घेऊन येत नाही. चारास एक हे प्रमाण म्हणजे रंगाच्या डब्याची सही. लेड क्रोमेट पिवळे ते केशरी-लाल असते, जड असते आणि स्वस्त असते. पुडीला रंग चढतो आणि तराजू खाली झुकतो. दूषित होणे वेगळे आणि भेसळ करणे वेगळे. एफडीएचाही कल पैशासाठी केलेल्या भेसळीकडेच होता.

आपल्याला हे रंगद्रव्य परके नाही. हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचा धंदा भारतीय उपखंडात जुना आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत हळदपुडीसाठी ‘लेड क्रोमेटची चाचणी नकारात्मक यावी’ अशी वेगळी अटच आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते. संशोधकांनी ते दाखवून दिल्यावर सरकारने घाऊक बाजारांत छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितले, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. यात कामाला आले तेही तेच पिस्तुलासारखे क्ष-किरण यंत्र, अमेरिकेत भिंतींना टेकवतात ते. तिथे ते हळदीला टेकवले.

दालचिनीचा प्रवास

साल श्रीलंकेची. इक्वेडोरच्या औषध-अन्न नियंत्रण संस्थेने, तिचे नाव आर्क्सा, दळण्याआधीच्या काड्यांचे नमुने तपासले तेव्हा त्यांत शिसे नव्हते. काड्या इक्वेडोरमध्ये आल्या, तिथल्या एका दळणाऱ्याने त्यांची पूड केली, ती ‘नेगास्मार्ट’ या पुरवठादाराकडे गेली, तिथून ऑस्ट्रोफूड्सकडे, तिथून गराच्या पिशवीत, आणि पिशवी जहाजाने अमेरिकेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्क्साच्या तपासाचा हवाला देत एफडीएने सांगितले की भेसळ बहुधा दळणाऱ्याच्याच टप्प्यावर झाली. तोपर्यंत त्याचे काम बंद झाले होते.

अमेरिकेचा कायदा इथे अडखळतो. एफडीएचा अधिकार त्यांच्यावर चालतो जे अमेरिकेत थेट माल धाडतात. दळणारा आणि पुरवठादार यांनी अमेरिकेला काहीच पाठवलेले नव्हते. त्यांनी आपल्याच देशातल्या एका कारखान्याला दालचिनी विकली होती. त्यांच्या गिरणीत शिरायला अमेरिकन निरीक्षकाला वाटच नव्हती. कायद्याने हे काम आयातदाराच्या गळ्यात घातलेले आहे: २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार परदेशी पुरवठादाराची खातरजमा त्याने करायची. आता तो आयातदार कारखान्याला विचारणार, कारखाना पुरवठादाराला, पुरवठादार दळणाऱ्याला, आणि प्रत्येक जण वरच्याला एक कागद देणार.

कारखान्यात गेलेल्या एफडीएच्या निरीक्षकांनी नोंदवले की कच्च्या मालाची वा तयार मालाची जड धातूंसाठी तपासणीच होत नव्हती. मला या प्रकरणातला सगळ्यात बोचरा कागद हाच वाटतो. बाळांच्या पिशव्या भरणारा कारखाना आहे. जंतूंची, चवीची, घट्टपणाची काळजी घेत असणारच, नाहीतर माल टिकलाच नसता. मग शिसेच का नाही? कारण तपासणीची यादी धोका डोळ्यांपुढे ठेवून केली जाते, आणि सफरचंदाचा गर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतात कीटकनाशके आणि कुजक्या सफरचंदांतले पॅट्युलिन हे बुरशीविष. दालचिनी ही यादीत तळाला, वासापुरती.

अमेरिकेतले नियामकही तेव्हा दुसरीकडे बघत होते, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीने बाळांच्या खाण्यातल्या आर्सेनिक, शिसे, कॅडमियम आणि पाऱ्यावर अहवाल काढला, खळबळ माजली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफडीएने ‘शून्याच्या अधिक जवळ’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम हाती घेतला. सगळी चर्चा तांदूळ, गाजर, रताळे यांची. जमिनीतून मुळांवाटे चढणारे धातू, दहा-वीस-पन्नास पीपीबी, ते कमी कसे करायचे. तो प्रश्न खराच आहे. पण भेसळ करणारा माणूस शेतजमिनीसारखा वागत नाही. तो पीपीबीत नाही, हजारांत घालतो, आणि ज्या पुडीकडे कुणाचे लक्ष नाही तीच निवडतो.

२००८ साली चीनमध्ये वेगळ्या रसायनाने हेच घडले होते. दुधातली प्रथिने मोजायची नेहमीची पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिने नव्हे. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनने भरलेले मेलामाइन टाकले की चाचणी खूश. ‘सानलू’ कंपनीच्या आणि इतरांच्या बाळदुधाच्या पावडरीमुळे अधिकृत आकड्यांनुसार सहा बाळे दगावली आणि जवळजवळ तीन लाख आजारी पडली. तिथे तपासणी होत होती आणि भेसळ करणाऱ्याला ती पाठ होती. इक्वेडोरमध्ये पाठ करायचीही गरज पडली नाही.

मोजदाद आणि मांडणीवर राहिलेला माल

रोगनियंत्रण केंद्राची ५१९ ही संख्या जशीच्या तशी घेऊ नये. त्यातली पक्की मुले १३६, बहुधा याच कारणाची ३४५ आणि संशयित ३८. ही वर्गवारी रक्त कसे घेतले त्यावर बरीचशी ठरते. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळही येऊ शकते, म्हणून शिरेतून घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे निघाले तरच पक्के धरतात. ३.५ ही सुरक्षिततेची रेघ नाही, तशी रेघच नाही. याच्या वर गेले की मुलाकडे नीट लक्ष द्यायचे, एवढाच तिचा अर्थ.

आणि कितीतरी मुले या मोजदादीतून निसटली असणार. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते. ते शरीराबाहेर जाते असे मात्र नाही. बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे तिथे राहते. ज्या आईने जूनमध्ये पिशव्या दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये बातमी वाचून मुलाला नेले, तिला अहवालात कदाचित ‘सामान्य’ दिसले असेल. शिशाचा त्रास दिसतही नाही: मूल चिडचिडे होते, पोट दुखते, बोलायला उशीर करते, आणि ही लक्षणे कुठल्या मुलात नसतात?

माल परत बोलावला म्हणजे तो परत येतोच असेही नाही. ‘डॉलर ट्री’च्या काही दुकानांत या पिशव्या डिसेंबरपर्यंत मांडणीवर होत्या, आणि जून २०२४ मध्ये एफडीएने या दुकानसाखळीला त्याबद्दल इशारापत्र धाडले. ही दुकाने गरीब वस्त्यांत, खेड्यापाड्यांत दाट असतात. जिथली मुले जुन्या रंगाच्या घरांत आधीच शिसे खात असतात, तिथेच ही पिशवी सगळ्यात जास्त दिवस मिळत राहिली.

नंतर

६ मार्च २०२४ रोजी एफडीएने दालचिनी विकणाऱ्या सगळ्यांना पत्र लिहिले आणि स्वस्त दुकानांतून उचललेल्या दालचिनीपुडीच्या सहा ब्रँडची नावे जाहीर केली. त्यांत २.०३ ते ३.४ पीपीएम शिसे होते. इक्वेडोरच्या दालचिनीच्या मानाने नगण्य, पण रोज वर्षानुवर्षे खाल्ली तर नगण्य नव्हे. सहांतला एक ब्रँड ‘स्वाद’, पटेल ब्रदर्सच्या दुकानांत मिळणारा. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत त्याचे पुडे असतात. ही दालचिनी बाळासाठी म्हणून कुणी विकत नाही, तिला बाळाच्या खाण्याचे नियम लागू नाहीत. पण शिऱ्यात, खिरीत ती पडते आणि त्यातले दोन घास बाळाच्या तोंडी जातात.

जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने बाळांच्या खाण्यासाठी शिशाच्या पातळ्या अंतिम केल्या: फळांचा, बहुतेक भाज्यांचा गर १० पीपीबी, नुसत्या कंदमुळांचा गर आणि कोरडी धान्यपूड २० पीपीबी. या शिफारशी आहेत, बंधन नाही. मात्र त्यांच्या वर गेलेला माल भेसळीचा ठरवायला एफडीएला आधार मिळतो. मसाल्यांसाठी अशी पातळी नाही.

कॅलिफोर्नियाने त्याहून धारदार काम केले. तिथल्या कायद्याने २०२४ च्या सुरुवातीपासून बाळांच्या खाण्याच्या उत्पादकांना दर महिन्याला तयार मालाचा प्रातिनिधिक नमुना आर्सेनिक, कॅडमियम, शिसे आणि पारा यांसाठी तपासणे भाग पडले. १ जानेवारी २०२५ पासून हे निकाल संकेतस्थळावर मांडावे लागतात. कारखाना नाही, दुकान नाही, तर आई स्वतःच्या हातातल्या लॉटचा आकडा वाचते, हे नवे आहे. प्रश्न ‘दर महिन्याला’ या दोन शब्दांत आहे. मातीतून येणारे शिसे एका बागेच्या मालात बऱ्यापैकी सारखे राहते, तिथे महिन्याचा एक नमुना पुरतो. भेसळ एखाद्याच पोत्यात असते, आणि ते पोते दोन नमुन्यांच्या मधल्या तीन आठवड्यांत रिकामे होऊ शकते. ते पकडायचे तर दालचिनीचे प्रत्येक पोते गोदामाच्या दारातच तपासावे लागेल. क्ष-किरणांचे हातातले यंत्र २,२७० पीपीएमच्या पुडीवर धरले असते, तर मिनिटभरात उत्तर मिळाले असते.